रविवारची राइड, सोमवारचा गल्ला: ग्रुपमधून धंदा उभा राहतो तो कसा?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझ्या सायकल दुकानाचे आकडे जरा भराभर सांगितले. ते इथे सावकाश, हिशोबासकट लिहितो. वही-पेन घेऊन बसा.

आधी थोडी ओळख, नवीन लोकांसाठी. मी साताऱ्यात सायकलचं दुकान चालवतो. बीबीए झाल्यावर तीन वर्षं नोकरी केली आणि २०१७ साली दुकान टाकलं. पहिली दोन वर्षं मी फक्त सायकली विकल्या, चालवली एकही नाही. दुकानदाराला स्वतःच्या मालाची चव माहीत नसणं म्हणजे अळणी भाजी विकणारा खानावळवाला! गिऱ्हाईक विचारायचं, "घाटात ही चालेल का?" आणि मी कॅटलॉगमधलं वाचून दाखवायचो.

मग एका रविवारी पहाटे पावणेसहाला पोवई नाक्यावर सायकल घेऊन उभा राहिलो. साताऱ्यातले तीस-पस्तीस हौशी लोक दर रविवारी तिथे जमतात. बँकेतून निवृत्त झालेले काका, शाळेतल्या मॅडम, दोन डॉक्टर, एक वकील, कॉलेजची पोरं. कुणाची सायकल आठ हजारांची, कुणाची ऐंशी हजारांची. कधी लिंबची बारा मोटेची विहीर, कधी सज्जनगडाचा पायथा, आणि पायात दम असेल तर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं.

त्या दिवशी घाटात मी तीन वेळा उतरलो. चौथ्यांदा उतरणार तेवढ्यात मागून काका आले, म्हणाले, "खाली बघू नकोस, पुढचा दहा फूट रस्ता बघ." वर पोचलो. खाली अख्खं शहर धुक्यात, धुक्याच्या वर अजिंक्यताऱ्याचा माथा, हातात कटिंग चहा. तेव्हापासून पाऊस असो नसो, मी रविवार चुकवत नाही. पुढे पळायलाही लागलो. माझा वेग विचारू नका, पण दहा किलोमीटर न थांबता पळतो.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं छान, पण धंद्याचं काय? तेच सांगतो. या ग्रुपनं मला धंदा शिकवला, पण आधी दोन वेळा जोरदार फटका देऊन.

फटका पहिला: राइडमध्ये दुकान उघडलं

दुसऱ्याच रविवारी मी खिशात व्हिजिटिंग कार्ड घेऊन गेलो. चहाला थांबलो की कार्ड वाटायचो. "हेल्मेटवर दहा टक्के", "ग्रुपसाठी स्पेशल रेट". कुणाची सायकल जुनी दिसली की म्हणायचो, "बदलून टाका सर, एक्सचेंजमध्ये देतो."

तीन-चार आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की चहाच्या टपरीवर मी उभा राहिलो की आजूबाजूचं बोलणं थांबतंय. कुणी काही बोललं नाही. शेवटी काकांनीच बाजूला घेतलं. म्हणाले, "रविवारी तुझं दुकान बंद असतं ना? मग इथं का उघडतोस?"

मंडळी, एवढं एकच वाक्य. लाज वाटली. सहा दिवस कामात पिचलेली माणसं दोन तास मोकळी व्हायला येतात. त्या दोन तासांत त्यांच्यासमोर दरपत्रक धरायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत विम्याची पॉलिसी विकण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी कार्डं दुकानाच्या ड्रॉवरमध्ये टाकली. नियम केला: राइडवर विक्री नाही. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, पण "दुकानात या" हेही आपण होऊन म्हणायचं नाही.

फटका दुसरा: इव्हेंटच्या दिवशी माल विकायला बसलो

आमच्याकडे २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. एकवीस किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि परत खाली यायचं. बाहेरगावचे हजारो लोक येतात, हॉटेलं भरतात. मला वाटलं, एवढी गर्दी, आपणही हात धुऊन घेऊ. रस्त्याजवळ ओळखीच्या एका दुकानाच्या ओट्यावर टेबल मांडलं.

खरेदी अशी होती:

- एनर्जी जेल १२० नग, ७० रुपये दरानं = ८,४०० रुपये
- सॉक्स ६० जोड, ११० रुपये दरानं = ६,६०० रुपये
- टोप्या ५०, ९० रुपये दरानं = ४,५०० रुपये
- हातावर घालायच्या स्लीव्हज ५० जोड, ८० रुपये दरानं = ४,००० रुपये
- बॅनर, टेबल, टेम्पो = २,५०० रुपये

एकूण २६,००० रुपये. बायकोनं निघताना ३०० रुपयांच्या सेफ्टी पिना आणि पेट्रोलियम जेलीच्या छोट्या डब्या पिशवीत टाकल्या. मी हसलो होतो.

दिवसभराची विक्री: सॉक्स ११ जोड (१८० रुपयांनी १,९८०), जेल ९ (१०० रुपयांनी ९००), टोप्या १४ (१५० रुपयांनी २,१००), स्लीव्हज १० (१५० रुपयांनी १,५००). म्हणजे ६,४८० रुपये. आणि बायकोची पिशवी सकाळी साडेपाचच्या आत रिकामी! त्याचे ६४० रुपये.

बेरीज ७,१२०. खर्च २६,३००. माझे १९,१८० रुपये त्या ओट्यावर अडकले. १११ जेल उरले, त्यांची एक्सपायरी पाच महिन्यांवर.

असं का झालं, हे मला नंतर स्वतः पळायला लागल्यावर कळलं. पळणाऱ्यांचा एक साधा नियम असतो: रेसच्या दिवशी नवीन काहीही वापरायचं नाही. नवीन बूट नाहीत, नवीन सॉक्स नाहीत, कधी न खाल्लेलं जेल तर नाहीच. नवा सॉक्स फोड आणतो, नवं जेल पोट बिघडवतं. ही सगळी खरेदी माणूस दीड-दोन महिने आधी करतो, सरावात वापरून बघतो. त्या सकाळी त्याला फक्त विसरलेली वस्तू हवी असते. बिब लावायची पिन हरवली, घासलं जाऊ नये म्हणून जेली लावायची राहिली. बस्स.

मी हजारो माणसं मोजली. त्या माणसाला ती वस्तू कधी लागते, हे मोजलं नाही. तुमचा धंदा कुठलाही असो, हा प्रश्न वहीत पहिल्या पानावर लिहा: माझ्या ग्राहकाला ही वस्तू नेमकी कोणत्या दिवशी लागते? गणपतीच्या आदल्या दिवशी मखर विकणारा आणि दीड महिना आधी ऑर्डर घेणारा, दोघांचा माल एकच असतो, हिशोब वेगळा असतो.

मग काय बदललं? मी सर्वांत मागे गेलो

ग्रुप राइडची काही शिस्त असते. पुढे एक जण रस्ता दाखवतो. हायवेवर एका मागोमाग एक चालायचं. खड्डा आला की हात खाली करून मागच्याला खूण करायची. आणि सर्वांत मागे एक जण राहतो, त्याला स्वीप म्हणतात. त्याचं काम एकच, मागे कुणी एकटं राहू द्यायचं नाही. हे काम कुणालाच नको असतं, कारण सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगानं जावं लागतं.

मी ते मागून घेतलं. पाठीवर छोटी बॅग: पंप, टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन, एलन कीचा सेट, चार साइजच्या ट्यूब. कुणाची चेन उतरली, पंक्चर झालं, की तिथेच बसवून द्यायचो. हाताचे पैसे घ्यायचे नाहीत. ट्यूब लागली तर नंतर तशीच ट्यूब आणून द्या, एवढंच.

आणि घरी आलो की वहीत नोंद. बारा रविवारच्या माझ्या नोंदी अशा होत्या:

- पंक्चर: १७
- सीटची उंची चुकीची, त्यामुळे गुडघा दुखतो: १४
- गिअर नीट पडत नाही: ११
- चेन उतरणं: ९
- ब्रेक वाजणं किंवा कमी लागणं: ८

ही पाच ओळींची यादी मला बीबीएच्या मार्केट रिसर्चच्या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडली. का, ते बघा.

सतरा पंक्चरांपैकी बहुतेक ठिकाणी टायरमध्ये हवाच कमी होती. टायरच्या कडेला प्रेशर छापलेलं असतं, ते कुणी वाचतच नव्हतं. बारीक टायरच्या सायकलींना पातळ, लांब नळीचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्यात गल्लीतल्या पंपानं हवा भरता येत नाही. मग लोक महिना महिना हवा न भरता चालवायचे. दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर हवा होता! माझ्या दुकानात तो नव्हताच. आणि ज्या ट्यूब मी ठेवायचो त्या निम्म्या लोकांना बसणाऱ्या नव्हत्या, कारण प्रेस्टासाठी रिमचं भोक लहान असतं, जाड व्हॉल्व्हची ट्यूब त्यात जातच नाही.

म्हणजे दोन वर्षं मी चुकीचा माल भरून बसलो होतो, आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून नशिबाला दोष देत होतो.

वहीतून सेवा कशी तयार झाली

माणसं रविवारी पहाटे निघतात. बिघाड त्यांना शनिवारी रात्री दहाला दिसतो, तेव्हा दुकान बंद. म्हणून मी "रविवारची तयारी" सुरू केली. शुक्रवारी-शनिवारी सायकल आणून द्या: हवा, चेन साफ करून तेल, ब्रेक, गिअर, नट-बोल्ट, सीटची उंची. दर ३५० रुपये.

हिशोब मांडू.

मिस्त्रीचा पगार १८,००० रुपये. २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. ताशी साधारण ८७ रुपये. एका सायकलला ४० मिनिटं, म्हणजे ५८ रुपये. तेल, फडकी, किरकोळ सामान ४० रुपये.

३५० − ५८ − ४० = २५२ रुपये.

आठवड्याला ८ सायकली धरल्या तर २,०१६. चार आठवड्यांचे ८,०६४. माझं दुकानभाडं १२,००० आहे. म्हणजे भाड्याचा दोन तृतीयांश भाग एका सेवेतून निघाला, आणि तोही माल न भरता. जेलमध्ये अडकलेले पैसे आठवा आणि हे बघा.

अर्थात पहिल्या आठवड्यात ८ आल्या नाहीत. दोनच आल्या, त्यातली एक काकांची. आठ व्हायला पाच महिने लागले. हे मुद्दाम सांगतोय, कारण व्हिडिओत हे पाच महिने पाच सेकंदांत संपतात.

आता जो भाग सांगायला जड जातो

एका मोठ्या राइडच्या आधी मागणी अचानक वाढली. मला हाव सुटली. आठच्या जागी एकोणीस सायकली घेतल्या. नाही म्हणायला जीभ वळेना. एकोणीस गुणिले चाळीस म्हणजे ७६० मिनिटं, साडेबारा तासांच्या वर काम, आणि रोजचं गिऱ्हाईक वेगळंच. मिस्त्री रात्री अकरापर्यंत बसला. मीही हात लावला.

रविवारी घाट उतरताना मी नेहमीसारखा मागे होतो. पुढे शाळेतल्या मॅडम. एका वळणाआधी त्यांचा मागचा ब्रेक दाबला तो थेट हँडलला टेकला. वायर पकडणारा बोल्ट पुरता आवळलेलाच नव्हता, वायर सुटली. त्यांनी घाबरून पुढचा ब्रेक धरला, सायकल डोंगराच्या बाजूला घातली आणि पडल्या. कोपर सोललं. दुसऱ्या बाजूला दरी होती.

ती सायकल आदल्या रात्री मी स्वतः तयार केली होती.

मी तिथेच सांगितलं, "मॅडम, ही माझी चूक आहे." मिस्त्रीवर ढकलता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. डॉक्टरांकडे नेलं, खर्च दिला, पैसे परत केले. आणि त्या दिवशी दुपारी उरलेल्या अठराही जणांना फोन केला: सायकल चालवू नका, मी घरी येऊन तपासतो. दोन दिवस तेच केलं. आणखी एका सायकलचा बोल्ट सैल सापडला.

मॅडम महिनाभर आल्या नाहीत. मग आल्या, पण सायकल माझ्याकडे दुरुस्तीला द्यायला त्यांना वर्ष लागलं. दोन जण कायमचे गेले. ते बरोबरच होते.

त्यानंतरचे नियम दुकानाच्या भिंतीवर लावलेत:

१. दोन दिवसांत ८ सायकली, जास्त नाहीत. नववा आला की पुढच्या आठवड्याची तारीख.
२. अकरा मुद्द्यांची यादी, प्रत्येकावर टिक. ब्रेकच्या मुद्द्यावर दोघांची सही.
३. सायकल बाहेर जाण्याआधी दुसऱ्या माणसानं चालवून, दोन्ही ब्रेक जोरात दाबून बघायचे.
४. संध्याकाळी साडेसातनंतर ब्रेकचं काम करायचं नाही.

नवव्याला नाही म्हणताना आजही पोटात कालवतं. तो शेजारच्या दुकानात जातो, मला दिसतो. पण लहान धंद्यात तुमची मर्यादा म्हणजे तुमचे दोन हात आणि आठ तास. ती मर्यादा गिऱ्हाईक ठरवू शकत नाही, तुम्हालाच ठरवावी लागते. खाद्यपदार्थ करत असाल, शिवणकाम करत असाल, घरी ट्यूशन घेत असाल, हा आकडा आजच काढा.

शिकवलं तर धंदा जातो का?

ग्रुपमधल्या काहींना बीआरएमचं वेड लागलं. ही लांब पल्ल्याची राइड असते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. दिलेल्या वेळेत पूर्ण करायचं. रात्री लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतंच. आणि महत्त्वाचा नियम: ठरलेल्या कंट्रोल पॉइंटशिवाय मधल्या रस्त्यात मागून गाडी आणून मदत घेता येत नाही. पंक्चर झालं तर स्वतः काढा.

म्हणून त्यांनी विचारलं, "पंक्चर काढायला शिकवशील का?" माझा मिस्त्री म्हणाला, "शेठ, शिकवलं तर आपल्याकडं कोण येणार?"

आकडे सांगतो. आधी या लोकांची महिन्याला साधारण १४ पंक्चर यायची, ६० रुपयांनी ८४०. मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फुकट शिकवायला लागलो. पंक्चर ६ वर आली, ३६०. तोटा ४८० रुपये. पण पहिल्या महिन्यात पंप, लिव्हर, पॅच आणि एक ट्यूब असा ९५० रुपयांचा सेट पाच जणांनी नेला. सेटमागे २३० रुपये, म्हणजे १,१५०. दर महिन्याला पाच सेट जात नाहीत, हेही खरं. पण ज्याला पंक्चर काढता येतं तो लांब जातो. लांब जाणाऱ्याची चेन झिजते, टायर झिजतो, त्याला लाइट लागतो. घाबरून पाच किलोमीटरवरून परत फिरणाऱ्याची सायकल गॅलरीत उभी राहते, आणि गॅलरीतल्या सायकलीला काहीच लागत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुम्ही सायकलचं दुकान टाकणार नाही, माहीत आहे. पण प्रत्येक गावात माणसं कुठेतरी जमतात. पळणाऱ्यांचा ग्रुप, योगवर्ग, भजनी मंडळ, ट्रेकचा ग्रुप, सोसायटीतला बॅडमिंटन कोर्ट. पुढचे चार आठवडे एवढंच करा:

१. तुम्हाला मनापासून आवडणारा एक ग्रुप निवडा. आवड नसेल तर जाऊ नका, लोकांना दुसऱ्या दिवशी कळतं.
२. चार आठवडे काहीही विकू नका. कार्ड घरी ठेवा.
३. कुणाला नको असलेलं एक काम अंगावर घ्या: चटया उचलणं, पाणी आणणं, मागे राहणं.
४. रोज घरी आल्यावर वहीत तीन रकाने भरा: काय अडलं, कुणाचं अडलं, कोणत्या दिवशी अडलं.
५. चार आठवड्यांनी जे तीन वेळा अडलं असेल, त्याखाली रेघ मारा. दर, वेळ आणि खर्च मांडून एका आठवड्यात किती जमेल तो आकडा लिहा.

पाचव्या मुद्द्याचा तक्ता पुढच्या व्हिडिओत आपण एकत्र भरू.

आणि एक गोष्ट वहीत लिहायची नाही. परवाच्या रविवारी मॅडम घाटात माझ्या पुढे होत्या. वरच्या वळणावर थांबल्या, मागे वळून म्हणाल्या, "दादा, दमलात का? या हळूहळू, आम्ही थांबतो." सर्वांत मागे राहणाऱ्यासाठी सगळा ग्रुप थांबला होता. चहाचे पैसे काकांनी दिले. त्या दिवशी मी दुकानाचा विचार केला नाही, आणि तुम्हीही रविवारचे दोन तास तसेच ठेवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. वही भरून आणा!